भोंग्याशेजारची झोप

भादवा लागला की रायपूरची हवा अंगाला चिकटायला लागते. पावसाचं जाणं आणि उन्हाचं येणं, दोघांचं काही ठरत नाही. शहराबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पोटरीत आलेलं दिसतं, बांधावर कासाचं गवत पांढरं फुललेलं असतं. बाजारात मातीचे बैल येतात, मुलींसाठी इवलाली जाती आणि चुली येतात. आपण पोळा म्हणतो, इथे पोरा म्हणतात. मग तीजा, म्हणजे आपली हरितालिका. माहेरी निघालेल्या बायकांनी बसगाड्या भरून जातात आणि उपासाच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी कारल्याची भाजी आणि भात शिजतो. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत तो कडवट वास या घरातून त्या घरात हिंडत असतो. तो आला की समजायचं, गणपती आता आलेच.

आज सकाळी समोरच्या विजेच्या खांबावर दोन माणसं भोंगा बांधत होती. माझी मुलगी जुई खिडकीच्या गजांना धरून बघत होती. बांधून झाल्यावर खालच्या माणसाने माइक हातात घेतला आणि दोनदा हॅलो म्हटलं. माझ्या हातातली वाटी निसटता निसटता राहिली. समोरच्या छपरावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. जुईने वळून माझ्याकडे बघितलं आणि हाताने विचारलं, का उडाली?

जुई आता नऊ वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. हे वाक्य मी आता सहज लिहू शकते, बोलूही शकते; शाळेत, दवाखान्यात, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशी. पण भादव्यात मात्र ते दरवर्षी नव्याने कळल्यासारखं होतं. पहिल्यांदा कळलं तोही भादवाच होता, आणि त्या भादव्यात मी फार सुखात होते.

मी लोकांना हसवण्याचं काम करते. माझे वडील वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीत इथे आले आणि मी इथलीच झाले. घरी मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत जाऊन पडला की काय गंमत होते, हे अशा मुलीला कोणी शिकवावं लागत नाही. कॉलेजात असताना महेंद्र भैया भेटले. धमतरीकडच्या खेड्यातला माणूस, इथल्या पंडरी बाजारात कापडाच्या दुकानात थान उलगडता उलगडता गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. आम्ही दोघांनी मिळून छोटी प्रहसनं बसवली. गणपतीत आणि नवरात्रात मंडपांतून आमचे कार्यक्रम व्हायचे. रायपुरात, भिलाईत, दुर्गला, कधी अगदी राजनांदगावपर्यंत.

त्यातलं एक प्रहसन लोक मागून मागून बघायचे. त्यात मी म्हातारी व्हायची, 'भैरी दाई'. भैरी म्हणजे इथल्या बोलीत बहिरी, आणि दाई म्हणजे आई किंवा आजी. महेंद्र भैया घरोघर माहिती गोळा करणारा सरकारी बाबू. बाबू विचारायचा, "दाई, नाम बताओ." मी कानामागे हात धरून म्हणायची, "आम? आम का मौसम कहाँ है बेटा?" तो म्हणायचा, "अंगूठा लगाओ." मी म्हणायची, "अंगूठी? वो तो बहू ले गई." लोक खुर्च्यांवरून घसरायचे. मी काही विशेष करत नसे. नीट न ऐकू आलेला माणूस जसं कोणाला वाईट वाटू नये म्हणून हसतो, तसं हसत उभी राहायची. ते हसू मला फार छान जमायचं.

जुई वैशाखात झाली. भादव्यापर्यंत मी परत मंचावर उभं राहायचं ठरवलं होतं. आमच्या धंद्यात एक गणपती चुकला तर लोक विसरत नाहीत, पण बोलावणारे विसरतात. माझा नवरा नितीन सरकारी कचेरीत, त्याला रजा मिळणं कठीण. मग आर्वीहून सासूबाई आल्या. नितीन त्यांना माय म्हणतो, म्हणून मीही माय म्हणते. त्यांनी जन्मात नाटक बघितलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्या नाक मुरडतील. पण पहिल्याच दिवशी त्यांनी जुईची दुपटी, तेलाची बाटली आणि आपली पानाची चंची एका पिशवीत भरली आणि म्हणाल्या, "चाल. पोट्टी माह्याजवळ राहीन, तू आपलं काम कर."

मंडपाच्या मागे कनात लावून केलेली जागा, खाली सतरंजी, बाजूला माणसाच्या उंचीचे स्पीकर. माय सतरंजीवर मांडी घालून बसायच्या, मांडीवर जुई. मी समोर जाऊन लोकांना हसवून यायची, कनातीआड आले की लुगड्याचा पदर बाजूला करून तिला घ्यायची. भैरी दाईच्या लुगड्याखाली मी कापसाच्या घड्या ठेवत असे. बघणाऱ्यांना वाटायचं, म्हातारीची जाड छाती. प्रेक्षकांत कुठे एखादं मूल रडलं की माझं दूध सुटायचं, तोंडावर रंगवलेल्या सुरकुत्या आणि आत चिंब झालेला ब्लाउज, अशी मी पुढची वाक्यं म्हणायची.

आणि जुई झोपायची. काय झोपायची. ढोलक वाजत असे, माइक किंचाळत असे, शेपाचशे माणसं एकदम हसत, आणि ती स्पीकरपासून हातभर अंतरावर ओठ किंचित उघडे ठेवून गाढ झोपलेली असायची. मंडळाच्या बायका कनात बाजूला करून तिला बघायला यायच्या. "कितनी सीधी बच्ची है," म्हणायच्या. महेंद्र भैया कौतुकाने म्हणायचे, "कलाकार की नोनी है दीदी. हल्ला होगा तभी सोएगी." नोनी म्हणजे इथे लेक. मला ते शब्द अंगावर शालीसारखे वाटायचे. भिलाईत एका कार्यक्रमानंतर एक तरुण गाणारी मुलगी माझ्याकडे आली होती. तिला सहावा महिना होता, पुढे कसं होणार म्हणून ती घाबरली होती. मी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, सुरुवातीपासून सवय लावायची, मग मुलं सगळ्यात झोपतात. माझीच बघ.

ती मुलगी पुढे कुठे गेली मला माहीत नाही. तिचा घामेजलेला हात मात्र अजून आठवतो.

गणपती उठायला थोडे दिवस होते. मी सदर बाजारात खोट्या मोत्यांची माळ घ्यायला गेले होते, पावसाची सर आली म्हणून लवकर परत फिरले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत जुई चादरीवर पालथी पडून चादरीवरच्या छापील फुलाकडे बघत होती. तिच्या मागे माय गुडघ्यांवर बसल्या होत्या. एका हातात स्टीलचं ताट, दुसऱ्या हातात डाव. त्यांनी डाव ताटावर आपटला. मी दारात दचकले. जुई फुलाकडे बघत राहिली. माय थोड्या पुढे सरकल्या आणि पुन्हा आपटला. जुईने एक बोट फुलावर ठेवलं. मग मायनी ताट खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

"माय, काय करून राहिल्या?" मी विचारलं.

"काही नाही वं. खेळून राहिली होती तिच्यासंग."

"ताट काहून वाजवत होत्या?"

त्या जुईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "मले पोळ्यापासून शंका येऊन राहिली. त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली, मी दचकली, मांजर पळाली. हे आपली पंख्याकडं पाहून हासतच होती. मंग मी रोज पाहू लागली."

"आणि मला सांगितलं नाही?"

"कसं सांगू? तू इतकी खुश दिसून राहिली होती, बाई."

मी ताट उचललं. डाव घेतला आणि वाजवत सुटले. तिच्या उजवीकडे, डावीकडे, डोक्यामागे. भिंतीपलीकडून शेजारणीने हाक मारली, "क्या हो गया भाभी?" जुईला माझी सावली चादरीवर हलताना दिसली असेल, तिने मान उचलून वळवली, मी दिसताच पाय झाडत हसायला लागली. मी ताट वाजवतच होते. शेवटी मायनी माझ्या हातातून डाव काढून घेतला.

गणपती उठले आणि पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात आमचे कार्यक्रम नसतात, म्हणून सगळे दिवस दवाखान्याचे झाले. तपासणीसाठी मुलाला झोपवून आणा म्हणाले; डोक्याला तारा लावायच्या असतात, मूल हललं तर चालत नाही. बाहेर बाकावर इतर आया आपापली मुलं थोपटून थकल्या होत्या. जुई खांद्यावर टाकताच झोपली. तारा लावणारी मुलगी म्हणाली, "बहुत अच्छी बच्ची है, बिल्कुल परेशान नहीं किया." मी तिचे आभार मानले.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी खुर्ची आमच्या बाजूला ओढून घेतली, तेव्हाच मी समजले. दोन्ही कानांतून काहीच पोचत नव्हतं. पुढे मोठ्या तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की कानातून मेंदूकडे जाणारी शीरच तयार झालेली नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया करून बसवतात त्या यंत्राचाही उपयोग नव्हता. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "मैं उसे स्पीकर के पास सुलाती थी. उससे हुआ?" त्या म्हणाल्या, नाही, हे जन्मापासूनचं आहे. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तेव्हा नितीनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

परत येताना त्याने बूढ़ा तलावाजवळ स्कूटर थांबवली. आम्ही काठावरच्या कठड्यावर बसलो, जुई माझ्या मांडीवर. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मी रोज ऑफिसातून आलो की जिन्यातून शिट्टी वाजवतो ना. मला वाटायचं, ती ओळखते." थोड्या वेळाने म्हणाला, "दारात आल्यावर मला बघून हसायची म्हणजे." मग स्कूटर सुरू करून आम्ही घरी आलो. जिन्यात त्याने शिट्टी वाजवली नाही. मला वाटलं, वाजवली असती तर बरं झालं असतं.

नवरात्राचा पहिला कार्यक्रम पंडरीत होता, कापडवाल्यांच्या मंडपात. नितीन म्हणाला, जाऊ नकोस. माय जुईला तेल लावत होत्या. त्या म्हणाल्या, "जा वं. घरी बसून काय करशील? पोट्टी झोपीन, मी आहो." मी गेले. कार्यक्रमाला जाताना जुईला पहिल्यांदाच घरी ठेवलं. लुगडं नेसले, सुरकुत्या काढल्या, केसांना पांढरी पावडर लावली.

बाबूने विचारलं, "दाई, नाम बताओ." मी कानामागे हात धरला आणि हसले.

मी तोपर्यंत कितीदा तरी तशी हसले होते. त्या संध्याकाळी ते हसू चेहऱ्यावर आलं आणि पहिल्यांदा मला ते आतून लागलं. सगळे ओठ हलवताहेत, सगळ्यांना काहीतरी कळलेलं आहे, आपल्याला नाही, आणि तरी त्यांना नाराज करायचं नाही. असं हसत माझी मुलगी आयुष्यभर उभी राहणार आहे, हे मला भर मंडपात, दिव्यांच्या झोतात दिसलं. लोक हसले. नेहमीपेक्षा जास्तच हसले, कारण मी थांबले होते आणि त्यांना ते थांबणं विनोदाचंच वाटलं. मी पुढचं वाक्य म्हटलं. सगळी वाक्यं म्हटली. एकही चुकलं नाही.

कनातीआड येऊन मी महेंद्र भैयांना सांगितलं, भैरी दाई मी परत करणार नाही. तपासणीचं त्यांना माहीत होतं. तरी ते गोंधळले. म्हणाले, "दीदी, लोग तो वही देखने आते हैं."

"माहीत आहे," मी म्हटलं. आमचं असंच चालायचं. ते हिंदीत, मी मराठीत.

ते पावडरचा डबा बंद करत राहिले, झाकण नीट बसेना. मग म्हणाले, "मैंने किसी की हँसी उड़ाने के लिए नहीं लिखा था. वो मेरी अपनी दाई थी. बचपन में उसी के पास सोता था. हम सब उससे उल्टा-सीधा पूछते थे, वो कुछ का कुछ बोलती थी. सबसे ज़्यादा तो वही हँसती थी, दीदी."

मी विचारलं, "तुम्ही का हसताय, ते तिला कळत होतं?"

खाली बसून त्यांनी आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. निघताना फक्त होकाराची मान हलवून म्हणाले, "हव. ठीक है."

त्यांनी ते प्रहसन सोडलं नाही. सोडावं असं मी म्हटलंही नव्हतं. त्यांचं घर त्यावर चालत होतं. दुसऱ्या एका मुलीला त्यांनी म्हातारी शिकवली. ती चांगलं करते म्हणतात. आम्ही भांडलो नाही. दिवाळीला ते ठेठरी-खुरमीचा, इथल्या फराळाचा, डबा घेऊन यायचे, जुईसाठी काही ना काही आणायचे, पण मंचावर आम्ही पुन्हा एकत्र उभे राहिलो नाही ते नाहीच. वाक्य संपायच्या आधी ज्याला आपलं पुढचं वाक्य कळतं असा माणूस आयुष्यात किती वेळा मिळतो? मला त्यांची आठवण येते. कधी कधी मुलीच्या दुःखापेक्षा वेगळी, स्वतंत्र अशी येते, आणि त्या आठवणीचं काय करावं ते मला कळत नाही.

त्यानंतरची काही वर्षं मी काम केलं नाही. गल्लीत बायका बोलायच्याच, पोरीला भोंग्याजवळ ठेवलं म्हणून. मायच्या कानावर आलं की त्या ओट्यावर जाऊन सरळ सांगायच्या, "डॉक्टरनं सांगतलं, जन्मापासूनच हाय." जुईबरोबर मी हातांची भाषा शिकायला लागले, नितीनही शिकला. माय शिकल्या नाहीत. त्या जुईला मांडीवर घेऊन आर्वीच्या म्हशीच्या, विहिरीच्या, कोणाकोणाच्या लग्नाच्या गोष्टी सांगायच्या, अगदी रंगात येऊन. एकदा मी वैतागून म्हटलं, "माय, तिले ऐकू येत नाही." त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय. पण मले बोलता येते ना." आणि पुढे सांगू लागल्या. जुई त्यांच्या हनुवटीवर बोट ठेवून बघत बसायची. माय गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. घरात तिच्याशी इतकं बोलणारं आता कोणी नाही.

मी परत उभी राहिले ती एकटीच. आता माझ्या कार्यक्रमात एक नागपूरची वहिनी असते, नुकतीच रायपुरात आलेली, मराठी डोक्याने हिंदी बोलणारी. इथल्या मराठी घरांत ती आवडते, कारण प्रत्येकाच्या घरात अशी एक आहेच. जुईची शाळा हिंदी आहे. ती हिंदी वाचते, हिंदी लिहिते. मराठी तिला येत नाही. घरात ऐकून येणारी भाषा तिला कुठून येणार? हे मी मराठीत लिहिते आहे, ते तिला वाचता येणार नाही.

मागच्या महिन्यात मराठी मंडळींच्या श्रावणातल्या एका छोट्या कार्यक्रमाला ती माझ्याबरोबर आली होती. ती नेहमी पहिल्या रांगेत बसते आणि थोड्या वेळाने खुर्चीवर गुडघे टेकून उलटी वळते. माझ्याकडे पाठ करून ती लोकांचे चेहरे बघते. त्या दिवशी एका जागी हॉल फार हसला. एक बाई तर डोळे पुसत होती.

घरी आल्यावर जेवताना जुईने हातांनी विचारलं, "त्या बाईला रडू येईपर्यंत हसवलंस. काय म्हणालीस?"

मी सांगायला लागले. शेजारीण वहिनीला म्हणते, "आपने बच्ची को बड़ी अच्छी शिक्षा दी है." वहिनी घाबरून म्हणते, "मैंने? मैंने तो हाथ भी नहीं लगाया उसको." हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणं, मराठीत शिक्षा म्हणजे मारणं, रागावणं. पण हातांच्या भाषेत शिकवण्याची खूण वेगळी आणि शिक्षेची वेगळी. दोन्ही खुणा मी एकीपुढे एक केल्या आणि त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. मी पुन्हा केलं. म्हटलं, आपल्या भाषेत हा शब्द असा आहे, म्हणून.

जुईने विचारलं, "आपली भाषा कोणती?"

नितीन ताटातून वर बघत नव्हता. मी म्हटलं, आजी बोलायची ती. मग वहिनी कशी घाबरते, शेजारीण कशी बघते, ते सगळं चेहऱ्याने करून दाखवलं, आणि थांबले.

जुईने माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. मी वाट बघते आहे हे तिला दिसलं असावं. ती हसली. छान, तोंडभर, मान मागे टाकून हसली. मी इतकी वर्षं माणसांना हसवते आहे. कोणाला खरंच हसू आलं आणि कोण माझं मन राखतंय, हे मला अंधारातसुद्धा कळतं. मीही हसले. मग तिने पोळीचा तुकडा मोडला, मी तिच्या ताटात भाजी वाढली, आणि आम्ही जेवलो.